जुनं रिव्हॉल्व्हर आणि आपली घासायची सवय

माळ्यावर जुनी वस्तू सापडली की आपल्याकडे ती आधी घासली जाते. तांब्या-पितळेला चालतं, चिंच लावली की पुन्हा झळकतं. पण जुन्या शस्त्राला घासलं तर काय जातं, ते न्यूयॉर्क पोलिसांच्या एका रिव्हॉल्व्हरवरून सांगतो.

१८९५ साली थिओडोर रूझवेल्ट (हो, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच) न्यूयॉर्कच्या पोलीस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष झाले. तेव्हा तिथले शिपाई वेगवेगळ्या बनावटीची रिव्हॉल्व्हरं बाळगायचे. रूझवेल्ट यांच्या काळात नेमबाजीचं शिक्षण सुरू झालं आणि १८९६ मध्ये सगळ्यांसाठी एकच हत्यार ठरलं: कोल्ट कंपनीचं .३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं 'न्यू पोलीस'. १९०७ पर्यंत ते बनत होतं. मग त्याच्या जागी 'पोलीस पॉझिटिव्ह' आलं. त्यात हत्यार हातातून पडलं तरी घोडा आपटून गोळी सुटू नये म्हणून आतून अडसर बसवलेला होता. जुन्यात तो नव्हता!

आज हे 'न्यू पोलीस' संग्राहकांकडे फिरतं. त्याची अवस्था ठरवायला तिकडे नॅशनल रायफल असोसिएशनच्या पायऱ्या वापरतात, आणि गंमत तिथेच आहे. पुरातन शस्त्राचे सगळे भाग मूळचे असतील आणि पोलादावरचा कारखान्यातला मूळ निळसर-काळा मुलामा ८० टक्क्यांहून जास्त टिकला असेल तर 'उत्कृष्ट'. ३० टक्क्यांहून जास्त असेल तर 'छान'. आणि मुलामा पार उडालाय, पण भाग सगळे मूळचे आहेत? तरी ते 'खूप चांगलं'च. उलट कुणी हौसेने घासून नवा मुलामा चढवला, की ते एक पायरी खाली, नुसतं 'चांगलं'. म्हणजे डागाळलेलं म्हातारं रिव्हॉल्व्हर वर आणि चकाचक केलेलं खाली. आपल्या डोक्याला हे पटकन पटत नाही.

कारण झीज ही साक्ष असते. पोलिसाचं हत्यार वर्षानुवर्षं कमरेला असतं, पण झाडलं जातं क्वचित. म्हणून नळीच्या टोकाला आणि चक्राच्या कडांना कातड्याच्या म्यानात घासून मुलामा गेलेला दिसतो, मुठीकडे घामाने तपकिरी छटा येते, पण नळीच्या आतले आटे बऱ्याचदा धारदार असतात. बाहेरून नवं कोरं आणि आत गंजाचे खड्डे, असं दिसलं की जाणकार सावध होतो. मग तो भिंगातून नळीवरची अक्षरं बघतो. कडा बोथट झाल्यात का? स्क्रूच्या भोकांभोवती खळगा पडलाय का? तसं असेल तर मशीनवर पॉलिश झालंय. त्यानंतर क्रमांक. सुट्या भागांवरचे आकडे सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळायला हवेत. कोल्ट कंपनीच्या दफ्तरात क्रमांक कळवून पैसे भरले की ते हत्यार कधी आणि कुणाला पाठवलं होतं याचं पत्र मिळू शकतं. पण त्यासाठी क्रमांक वाचता यायला हवा.

क्रमांकाची किंमत आपणही पाहिली आहे. ते रिव्हॉल्व्हर नव्हे, पिस्तूल होतं, पण कोल्टचंच आणि .३२ बोअरचंच. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर गोळ्या झाडताना भगतसिंगांच्या हातात होतं ते. पुढे अनेक वर्षं ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र संग्रहालयात इतर पिस्तुलांमध्ये पडून होतं, वर काळ्या रंगाचे थर. २०१६ मध्ये रंग खरवडला तेव्हा खाली क्रमांक निघाला: १६८८९६. खटल्याच्या कागदांत तोच. रंगाने निदान क्रमांक जपला. कुणी उत्साहाने कानस मारली असती तर?

आता कायद्याचं, कारण हे वाचून काहीजण माळ्यावर चढतील. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार 'पुरातन' धरतात. म्हणजे याच 'न्यू पोलीस'चे सुरुवातीचे नग पुरातन, नंतरचे नाहीत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात नुसत्या वयावर भागत नाही. दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटू शकणार नाही, अशाच जुन्या हत्याराला सूट आहे. आजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलं तर चाप ओढून बघू नका, घासू नका, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो टाकण्याआधी पोलीस ठाण्यात कळवा.