एल्फिन्स्टन : एका स्कॉटिश आडनावाची ओळख

मुंबईकरांना ‘एल्फिन्स्टन’ हे नाव महाविद्यालयामुळे परिचित आहे. मात्र हे मुळात एका गावावरून पडलेले आडनाव आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

अर्थ : स्कॉटलंडच्या पूर्व लोदियन भागात, ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जमीनदार घराण्याने गावाचेच नाव धारण केले. शेवटच्या ‘स्टन’वरून दगडाचा भास होतो, परंतु ‘टन’ म्हणजे वाडी किंवा वस्ती, आणि आरंभी एखाद्या व्यक्तीचे नाव असावे, असे मानले जाते. आपल्याकडील ‘अमक्याची वाडी’ याच धर्तीचे हे नाव होय.

बिशप विल्यम एल्फिन्स्टन (१४३१-१५१४) : ग्लासगो येथे जन्मलेले हे धर्मगुरू कायद्याचे पंडित व ॲबरडीनचे बिशप होते. समुद्राच्या फाट्यांनी आणि डोंगरांनी वेढलेल्या उत्तर स्कॉटलंडमध्ये विद्येचा अभाव होता. तेथे विद्यापीठ व्हावे म्हणून त्यांनी राजा चौथा जेम्स याचे साहाय्य मिळविले. पोप सहावे अलेक्झांडर यांनी १४९५ साली त्यास अनुमती दिली. ॲबरडीनचे हे विद्यापीठ आजही ज्ञानदान करीत आहे. स्कॉटलंडमधील संतांच्या स्मृती जपणारा ‘ॲबरडीन ब्रेव्हिअरी’ हा प्रार्थनाग्रंथ त्यांच्याच पुढाकाराने १५१० साली छापून पूर्ण झाला.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९-१८५९) : पेशवाईच्या अखेरच्या काळात हे पुण्यास रेसिडेंट होते व १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. मराठी राज्य संपविण्यात त्यांचा मोठा वाटा होता, हे आपण विसरू शकत नाही. त्याचबरोबर एतद्देशीयांच्या शिक्षणाचा त्यांनी आग्रह धरला, हेही खरे. ते निवृत्त झाल्यावर मुंबईच्या नागरिकांनी वर्गणी जमविली आणि तिच्यातून एल्फिन्स्टन कॉलेजचा पाया घातला गेला. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथेच शिकले.

लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन (१८०७-१८६०) : माउंटस्टुअर्ट यांचे हे पुतणे १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ‘एल्फिन्स्टन रोड’ स्थानकाचे नाव यांच्यावरून पडले होते. अनेकजण ते चुकीने काकांशी जोडतात. २०१८ साली त्या स्थानकाचे ‘प्रभादेवी’ असे नामांतर झाले.

जनरल विल्यम एल्फिन्स्टन : १८४२ साली काबूलहून माघार घेताना ज्या ब्रिटिश फौजेचा संहार झाला, तिचे हे सेनापती. त्याच वर्षी अफगाणांच्या कैदेत त्यांचे निधन झाले.

एकाच आडनावाने असे यश व अपयश दोन्ही पाहिले. स्थानकाच्या पाटीवरील नाव बदलले. परंतु ॲबरडीन आणि मुंबई येथील दोन विद्यामंदिरांत विद्यार्थ्यांची ये-जा सुरूच आहे. आडनाव वारशाने मिळते. त्याची कीर्ती मात्र ज्याची त्याला मिळवावी लागते, हेच यावरून आपणांस दिसून येते.