निशाणाचा परवाना

सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ओळखीची वाटावी अशी एक गोष्ट ब्रिटिश नौकानयनाच्या इतिहासात आहे. १८४२ साली ॲडमिरल्टीने, म्हणजे तेथील नौदल खात्याने, असे ठरविले की पांढरे निशाण लावण्याची मुभा हौशी नौकाक्लबांपैकी केवळ ‘रॉयल यॉट स्क्वॉड्रन’ या क्लबास राहील. इतरांची काढून घ्यावी. तसे क्लबांना कळविण्यात आले. आयर्लंडमधील एका क्लबास मात्र कळवावयाचे राहून गेले, आणि त्याच्या नौका पुढे कित्येक वर्षे तेच निशाण मिरवीत राहिल्या!

एका निशाणासाठी एवढा खटाटोप का, हे समजण्यासाठी नौकेवरील दोन निशाणांमधला फरक ध्यानात घ्यावा लागतो. पहिले ‘बर्जी’. हे बहुधा त्रिकोणी असते, परंपरेने डोलकाठीच्या टोकावर लागते आणि मालक कोणत्या क्लबाचा सभासद आहे ते सांगते. क्लबाचा प्रमुख, म्हणजे कमोडोर, याचे निशाण शेपटाशी दुभंगलेले असते. व्हाइस कमोडोरच्या निशाणावर एक गोल, तर रिअर कमोडोरच्या निशाणावर दोन. शर्यतीत उतरताना बर्जी काढून शर्यतीचे निशाण लावण्याची जुनी रीत आहे. दुसरे निशाण ‘एन्साइन’. ते नौकेच्या मागच्या टोकाला लागते आणि राष्ट्रीयत्व दर्शविते. बंदरात ते सकाळी चढवावयाचे आणि सूर्यास्ताला उतरवावयाचे. बर्जी क्लबाची, एन्साइन राज्याचे. म्हणूनच एन्साइनमध्ये फरक करावयाचा तर सरकारची लेखी अनुज्ञा लागते.

रॉयल यॉट स्क्वॉड्रनची स्थापना १८१५ची. पांढऱ्या निशाणाचा परवाना त्यास १८२९ साली मिळाला. त्या काळी ब्रिटिश नौदलाचेच लाल, पांढरे आणि निळे असे तीन विभाग होते. १८६४ साली ते मोडीत निघाले. पांढरे निशाण नौदलाकडे, निळे सरकारी सेवेतील जहाजांकडे आणि लाल व्यापारी जहाजांकडे गेले. एवढी फेररचना झाली, तरी त्या एका क्लबाची सवलत टिकली. अन्य काही निवडक क्लबांना निळे किंवा विशेष चिन्ह असलेले निशाण परवान्याने मिळत राहिले. राजमान्यतेची ही ओढ आपल्या किनाऱ्यावरही होती. मुंबईत १८४६ साली स्थापन झालेल्या यॉट क्लबास ‘रॉयल’ हे बिरुद १८७६ साली मिळाले.

प्रशासनाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत त्या या परवान्याच्या अटी. सवलत क्लबामार्फत सभासदास मिळते, तीही ठरावीक नौकेपुरती. परवान्याचा कागद नौकेवर हवा. मालक स्वतः नौकेवर किंवा जवळच किनाऱ्यावर असेल तेवढाच वेळ ते निशाण लावावयाचे. एरवी साधे लाल. शिवाय सोबत त्याच क्लबाची बर्जी हवीच, म्हणजे ही सवलत कोणाच्या भरवशावर घेतली आहे ते पाहणाऱ्यास कळते. अनधिकृत निशाण लावल्यास १८९४च्या कायद्यात ५०० पौंडांपर्यंत दंड होता.

हे नियम वाचताना मला आपला लाल दिवा आठवतो. तोही पदास होता, मोटारीस नव्हे. पण साहेब कचेरीत बसलेले असताना त्याच दिव्याची मोटार मुलांना शाळेतून आणीत असे, बाजारात उभी राहत असे, आणि पोलीस तिला वाट करून देत. दिवा कोणी लावावा याच्या याद्या आपण वारंवार केल्या. तो केव्हा झाकावा याचा नियम कागदावरच राहिला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही यादी आटोपती घ्यावयास सांगितले आणि १ मे २०१७ पासून दिवा केवळ आपत्कालीन सेवांच्या वाहनांपुरता उरला.

सवलत ही मुळात वाईट नसते. कामासाठी ती कधी कधी लागतेच. मात्र धनी जागेवर नसताना ती उतरविण्याची शिस्त नसेल, तर एक दिवस ती साऱ्यांचीच काढून घ्यावी लागते, ज्यांना तिची खरी गरज होती त्यांचीही. आणि काढून घेतलीच, तर पत्र सगळ्यांना पोहोचले की नाही, तेवढे पाहावे!