पेटीतली चांदी : टाक, रुपया आणि लगड

वाटूर आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या आम्ही आज तुमच्याशी चांदीबद्दल बोलणार आहोत. आजचा दर काय, तो चढला की उतरला, हे तर आता प्रत्येकीच्या मोबाईलवर दिसतं. आम्हाला बोलायचं आहे ते घरातल्या जुन्या चांदीबद्दल. देव्हाऱ्यातले टाक, सासूबाईंच्या पेटीतले वाळे-तोडे, करदोड्याचा तुकडा, काळ्या दोऱ्यात ओवलेले जुने रुपये, आणि अलीकडे धनत्रयोदशीला घेतलेली लक्ष्मीच्या छापाची छोटी लगड.

हा विषय घेण्याला कारण आहे. दर चढला की गावागावांतून जुनी चांदी बाहेर निघते. आमच्या एका गटातल्या ताईंनी मुलाच्या फीसाठी घरातली रुपयांची माळ मोडली. माळेत एकवीस नाणी होती. दुकानात ती सगळी एकदम काट्यावर पडली, घट कापली गेली आणि पैसे हातात आले. नाणी कोणत्या सालची, कोणाच्या छापाची, हे कोणीच पाहिलं नाही. मुलाची फी भरायलाच हवी होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या माळेची खरी किंमत किती होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण ती आटवली गेली.

आधी टाकांबद्दल बोलू. चांदीच्या छोट्या पत्र्यावर चित्र उठवायचं आणि तो पत्रा पिढ्यान् पिढ्या जपायचा, ही कला आपल्याकडे घरोघरी आहे. घोड्यावरचा खंडोबा आणि शेजारी म्हाळसा, तुळजापूरची भवानी, भैरोबा, जोतिबा, कुठे घरातला गेलेला कर्ता पुरुष वीर म्हणून. सोनार चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकतो, आकृती उठते, मागे बहुतेक वेळा तांब्याचा पत्रा बसवतात. भाऊ वेगळे झाले की नव्या घरासाठी नवे टाक होतात. झिजलेले टाक कुणी मोडून नवे करून घेतात, कुणी नदीत सोडतात. म्हणूनच जुने टाक फार कमी उरले आहेत.

टाकात चांदी किती असते? फार तर काही ग्रॅम. वजनावर मोडला तर हातात विशेष काही येत नाही. पण असे खंडोबाचे जुने टाक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवले आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन आलेल्या बायका सांगतात की तिथे दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू मांडल्या आहेत. म्हणजे आपण ज्याला मोड म्हणतो, त्यात कुणाला तरी हाताचं काम दिसतं.

आता रुपयाकडे वळू. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तोळाही तेवढ्याच वजनाचा, म्हणून तराजूत तोळ्याच्या जागी रुपया टाकला तरी चालायचं. त्या काळी कुणीही टांकसाळीत चांदी नेऊन थोडा आकार देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे रुपया आणि दागिना ही एकाच चांदीची दोन रूपं होती. पीक चांगलं आलं की रुपये आटवून तोडे व्हायचे. दुष्काळ आला की तोडे आटून रुपये व्हायचे. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमधल्या बायकांचे दागिने असेच मुंबईच्या टांकसाळीत जाऊन पडले. बँक नव्हती, विमा नव्हता. बाईच्या अंगावरची चांदी हीच घराची बँक होती.

या बँकेला एक मोठा धक्का बसला, तो १८९३ साली. सरकारने लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. यापुढे रुपये फक्त सरकार पाडणार. जगभर चांदी स्वस्त होत होती, पण रुपयाचा भाव सरकारने वर धरून ठेवला. याचा परिणाम काय झाला? एका रुपयात जेवढी चांदी, तेवढ्याच चांदीचा दागिना विकायला नेला तर १८९९ च्या सुमारास तिचे साधारण दहा आणेच होत. नेमके १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दुष्काळाचे काळ. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात असला तरी चांदीचा बाजार मुंबईच्याच भावावर चाले. घरात रुपये पुरून ठेवणारा वाचला आणि अंगावर चांदी घालणारी बुडाली. निर्णय दूर कुठेतरी कागदावर झाला, आणि आपल्या पणजीच्या तोड्यांची किंमत घटली. त्या वेळच्या टीकाकारांनीही हेच बजावलं होतं, की गरिबाची शिल्लक यात बुडते आहे.

आपल्या मराठवाड्याची आणखी एक वेगळी गोष्ट आहे. निजामाचा स्वतःचा रुपया होता, त्याला आपले लोक हाली म्हणायचे. इंग्रजांचा तो कलदार. हाली रुपयावर चारमिनार आहे. चारमिनारच्या दारात एक उर्दू अक्षर असतं. ते मीम असेल तर नाणं मीर महबूब अली खानांच्या काळातलं, ऐन असेल तर मीर उस्मान अली खानांच्या, म्हणजे १९११ नंतरचं. म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं, की सात हाली म्हणजे सहा कलदार. हा हिशोब कुठून आला? हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे साधारण ९.१४ ग्रॅम. कलदारात १०.६९ ग्रॅम. सात हालींची चांदी मोजा, ६४ ग्रॅम भरते. सहा कलदारांची मोजा, तीही ६४ ग्रॅमच. बाजाराचा दर चांदीवरच बसलेला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं, तरी हाली १९५९ पर्यंत पूर्ण गेलं नव्हतं. आपला परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. म्हणून आपल्याकडच्या माळांमध्ये हाली आणि कलदार एकाच दोऱ्यात ओवलेले सापडतात.

कलदारातही सगळी नाणी सारखी नाहीत. पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली, तेव्हा १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट निघाली. पुढच्या वर्षी अमेरिकेने आपल्या खजिन्यातली सुमारे २६ कोटी डॉलरची नाणी वितळवून ती चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकली. म्हणजे आपल्या आजीच्या माळेत कदाचित अमेरिकेचा डॉलर आटून आलेला असेल! दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ साली रुपया निकेलचा झाला. म्हणून साल वाचणं फार महत्त्वाचं आहे. १९१८ चा आणि १९४४ चा रुपया काट्यावर सारखा भरेल, पण एकात ९१.७ टक्के चांदी आहे आणि दुसऱ्यात ५० टक्के. दोन्ही एकत्र तोलून एकच कस लावला, तर नुकसान कोणाचं होईल ते तुम्हीच ओळखा.

दुर्मीळ नाणं कसं तयार होतं, त्याचं १९११ चा रुपया हे उत्तम उदाहरण. पंचम जॉर्ज राजाच्या अंगरख्यावर त्यात एक छोटा हत्ती होता. सोंड इतकी आखूड, की लोकांना ते डुकरासारखं दिसलं आणि गडबड उडाली. पाडलेल्या ९४ लाखांपैकी सुमारे ७ लाखच बाहेर गेले होते, बाकीचे सरकारने वितळवले. पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. आज संग्राहक १९११ चा रुपया शोधत फिरतात. बाकीचे वितळले, म्हणून उरलेले मोलाचे झाले.

हीच गोष्ट अमेरिकेतल्या चित्रांच्या लगडींची. १९७० नंतर तिथल्या खाजगी टांकसाळींनी एक औंसाच्या, म्हणजे ३१.१ ग्रॅमच्या छोट्या लगडी काढल्या. कुणावर नाताळ, कुणावर मातृदिन, कुणावर आगगाडी. लोक पोस्टाची तिकिटं जमवावीत तशा त्या जमवू लागले. मग १९७९ मध्ये हंट नावाच्या श्रीमंत भावांनी चांदीचा प्रचंड साठा केला आणि दर चढत गेला. वर्षाच्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलर असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नास डॉलरच्या जवळ पोचली. लोकांनी चित्रांच्या लगडी धडाधड भट्टीत घातल्या. २७ मार्च १९८० ला दर कोसळून अकराच्या खाली आला. ज्या थोड्या लगडी वाचल्या, त्यांतल्या दुर्मीळ छापांना आज संग्राहक चांदीच्या दरापेक्षा जास्त पैसे देतात. पण साध्या, लाखांनी निघालेल्या छापाला वजनाचाच भाव येतो.

आपली धनत्रयोदशीची लक्ष्मी-गणपतीची लगड या दुसऱ्या प्रकारातली. ती घेताना डबी आणि घडणावळ धरून जास्त पैसे जातात. मोडताना फक्त वजनाचे मिळतात. श्रद्धेने घ्या, पण गुंतवणूक समजून चित्राचे पैसे देऊ नका.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासातून आम्ही एक गोष्ट घेतली. जुन्या चांदीला तीन किमती असतात : धातूची, हाताच्या कामाची आणि दुर्मिळपणाची. भट्टीत गेल्यावर पहिलीच उरते. आणि आपल्या चांदीवर भट्टीची वेळ नेहमी अडचणीत येते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बायकांनी आधी तोडे मोडले होते, हे आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बाया आजही सांगतात. अडचणीच्या दिवशी चौकशीला सवड नसते. म्हणून चौकशी आज करायची.

आमच्या गटांत आम्ही चांदीची वही सुरू केली आहे. वस्तू कोणती, कोणाकडून आली, वजन किती ग्रॅम, नाणं असेल तर साल आणि छाप, आणि दोन्ही बाजूंचा फोटो. वजन ग्रॅममध्येच लिहा, कारण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आजचा सराफ दहा ग्रॅमचा तोळा धरतो. नाणी चिंच लावून घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाकडे उतरते. माळेसाठी कडी डागलेली असेल तरीही उतरते, पण धातू तेवढाच राहतो. मोडायचीच वेळ आली तर दोन-तीन ठिकाणी विचारा, कस मशीनवर तपासून मागा, घट किती टक्के ते आधी ठरवा. नवीन दागिना घेताना हॉलमार्क पाहा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक आहे. तो ऐच्छिक असला तरी मागायला हरकत नाही.

विकण्याआधी तारण ठेवता येतं का तेही बघा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सोने-चांदी तारणाचे नवे नियम केले, त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही मुदत ठरवली. त्यात चांदीचे दागिने १० किलोपर्यंत आणि नाणी ५०० ग्रॅमपर्यंत तारण धरता येतात. लगड मात्र चालत नाही. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि कर्ज फिटल्यावर वस्तू जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यावी लागते. तारण ठेवलेला तोडा परत येतो, आटवलेला येत नाही.

फसवणुकीपासूनही सांभाळा. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलं आहे, की आम्ही असला व्यवहार करत नाही आणि कोणाला करायला नेमलेलंही नाही. राम-सीतेच्या छापाचं आणि कंपनी सरकारचं नाव असलेलं १८१८ चं नाणंही खोटं आहे. कंपनीने तसं नाणं कधी पाडलं नाही. शेतात नांगराला नाण्यांचं मडकं लागलं, तर ते गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८ च्या कायद्याने त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांवरची जुनी वस्तू परदेशी पाठवायलाही मनाई आहे.

शेवटची गोष्ट हक्काची. माहेरून आणि सासरहून बाईला मिळालेले दागिने हे स्त्रीधन. ते तिच्या एकटीच्या मालकीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितलं. नवऱ्याच्या किंवा सासूच्या कपाटात ठेवलं म्हणून मालकी बदलत नाही. वहीत वस्तूसमोर आपलं नाव लिहायचं ते याचसाठी. विकायचं की जपायचं, हे ठरवण्याचा हक्क तुमचा. फक्त ठरवण्याआधी साल वाचा आणि वजन करा.

या आठवड्यात पेटी उघडा, घरातल्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा आणि कोणती वस्तू कोणाची ते विचारून लिहून घ्या. तिला जे ठाऊक आहे ते कोणत्याच सराफाच्या काट्यावर मोजता येत नाही. चारमिनारचा रुपया निघाला तर दारातलं अक्षर बघा, आणि येत्या मासिक बैठकीला वही घेऊन या. राम राम.