सेवा अडॅप्टर
दोन संगणकप्रणालींमध्ये बसून एकीची मागणी दुसरीला कळेल अशा रूपात पोचवणारा सॉफ्टवेअर घटक. जोडणी करताना सेवेचा पत्ता, प्रवेश-परवाना, माहितीचा साचा व उत्तराची मुदत ठरवतात. खरा कस देखभालीत लागतो. उदाहरणार्थ, पैसे वळते करण्याच्या मागणीला मुदतीत उत्तर आले नाही म्हणून तीच मागणी पुन्हा पाठवली, तर रक्कम दोनदा वळती होऊ शकते; प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक हवाच.

वेधशाळांत मोजमापयंत्रे जोडतानाही मधल्या घटकाचे हेच तत्त्व दिसते. अमेरिकेतील लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेमध्ये निर्वात नळ्यांचा दाब मोजणारी यंत्रे ‘एपिक्स’ या नियंत्रणप्रणालीला जोडलेली आहेत. प्रत्येक वाचनाला ठरावीक नाव मिळते व ते नियंत्रणकक्षात दिसते.