आधी पोचतो तो नाखवा

गुरुवार, 17 जुलै 1947. दिव्यांची आवस. परळच्या चाळीतून तुम्ही अंधारातच निघालात. गिरणीतून रजा मिळाली आहे, रेवसला उतरून संध्याकाळपर्यंत घरी पोचायचं. हातातल्या पिशवीत पोरांसाठी खाऊ. भाऊच्या धक्क्यावर ही गर्दी! आठ वाजता ‘रामदास’ बोट सुटते तेव्हा आभाळ भरलेलं असतं, पण पावसाळ्यात ते कधी मोकळं असतं? सगळे निर्धास्त.

मग वारा उलटतो. लाटा डेकवर चढतात. भेदरलेले लोक एका बाजूला धावतात, त्यांच्या भाराने बोट कलते आणि काश्याच्या खडकाजवळ पुरती आडवी होते. सुटून जेमतेम पस्तीस मिनिटं झालेली असतात.

तुमच्या हाताला एक फळी लागली आहे. मुंबई इतकी जवळ, पण तिला काहीच ठाऊक नाही, कारण बोटीवर बिनतारी यंत्रच नाही. दुपार उलटते तेव्हा लाईफबॉयला धरून तरंगत गेलेला एक लहान मुलगा गेटवेला लागतो आणि त्याच्या तोंडून शहराला बातमी कळते. रामदास बुडाली! सहाशेहून जास्त माणसं गेली.

तुम्ही मात्र वाचलात. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांच्या होड्या तिथून जात होत्या. माणसांना जागा व्हावी म्हणून त्यांनी भरलेली मासळी समुद्रात लोटून दिली, असं सांगतात. कुणी तुमची बगल धरून वर ओढतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांच्याकडे ना जाकीट, ना मोटार. तेव्हा इंग्लंडात स्वयंसेवकांच्या जीवरक्षक नौकांची संस्था 1824पासून चालू होती. तिथेही लाटांत उतरणारे बहुतेक मासेमारच, पण त्यांच्या हाताशी खास या कामासाठी बांधलेल्या मोटारनौका आल्या होत्या. रेवसच्या कोळ्याकडे होती ती त्याची पोटापाण्याची होडी. हा फरक मला आजही सलतो.

आता 77 वर्षं पुढे या. 18 डिसेंबर 2024, दुपारचे चार वाजत आलेत. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीच्या कठड्याशी तुम्ही उभे आहात. नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी घेत वळणं मारते आहे. ती तुमच्याकडेच वळते आणि धडकते. या वेळी प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. नौदलाची हेलिकॉप्टरं येतात, तटरक्षक दलाच्या बोटी येतात. तरी त्याआधी जवळून जाणारी जवाहरलाल नेहरू बंदराची पायलट बोट पोचलेली असते आणि पन्नासहून जास्त जणांना उचलते. पंधरा जण मात्र वाचत नाहीत. मदत आधी जवळच्याच बोटीतून आली, 1947सारखीच.

म्हणून त्याच वर्षीच्या 30 ऑगस्टला पालघरला सुरू झालेली योजना मला फार मोलाची वाटते. एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर मोफत बसवायचे. मोबाईलला रेंज नसते तिथूनही उपग्रहामार्फत संकटाचा निरोप जातो, आणि किनाऱ्यावरून नौकेला उलट निरोपही येतो. हे दुसरं अंग मोठं आहे. बुडणाऱ्याची हाक शेजारच्या नाखव्याच्या कानी तेव्हाच पडली, तर तो वल्हं फिरवायला क्षणभरही थांबणार नाही.

आणखी थोडं पुढे, 7 सप्टेंबर 2025, गिरगाव चौपाटी. लालबागच्या राजासाठी नवा मोटारीचा तराफा आला आहे, पण मिरवणूक पोचेपर्यंत भरती लागली. पाणी चढलंय, मूर्ती तराफ्यावर चढत नाही. तुम्ही वाळूत तासन् तास उभे. विसर्जन होतं ते रात्री. तराफा कितीही नवा असो, तो पाण्याच्या वेळेवरच चालतो, आणि त्या वेळा कोळीवाड्याला तोंडपाठ असतात.

याच चौपाटीसाठी, तसंच दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराईसाठी अग्निशमन दलाने रिमोटवर चालणारी जीवरक्षक यंत्रं घेतली. बुडणाऱ्याकडे सरळ धावणारं हे यंत्र मला हवंच आहे, कारण जीवरक्षकाचा जीवही तितकाच लाखमोलाचा. पण रिमोट धरणाऱ्याला लाट कुठे फुटते आणि पाणी कुठे आत ओढतं ते कळायला हवं. वरळीच्या, माहीमच्या कोळीवाड्यातल्या पोरापोरींना येत्या नारळी पौर्णिमेच्या आत हे यंत्र शिकवायला घ्या, सरावाचा रोजगार द्या, आणि पुढची नौका विकत घेण्याआधी त्यांच्या वडीलधाऱ्यांना ती पाण्यात घालून बघू द्या.