रोटरी क्लब

रोटरी क्लब : एका गावातील किंवा शहरातील निरनिराळ्या व्यवसायांच्या माणसांनी ठरलेल्या दिवशी जमावे, आपापसांत मैत्री वाढवावी आणि त्या मैत्रीच्या बळावर गावाच्या उपयोगी पडावे, या हेतूने चालणारे स्वयंसेवी मंडळ. सेवा क्लब या प्रकारातील हे सर्वांत जुने. जगभरच्या अशा क्लबांचा महासंघ ‘रोटरी इंटरनॅशनल’ म्हणून ओळखला जातो. त्याचे मुख्यालय अमेरिकेत शिकागोजवळच्या इव्हन्स्टनला आहे आणि सभासदसंख्या 12 लाखांच्या आसपास. चोवीस दाते आणि सहा आरे असलेले चाक ही त्याची खूण. गावाच्या वेशीवर किंवा एखाद्या बसथांब्याच्या कपाळावर ते चाक पाहिले नाही, असा माणूस महाराष्ट्रात शोधावाच लागेल.

रोटरीचा जन्म सेवेतून झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. जन्म झाला तो एकटेपणातून. पॉल हॅरिस (1868–1947) हा वकील व्हर्मॉन्ट राज्यातील वॉलिंगफर्ड या खेड्यात आजी-आजोबांकडे वाढला. 1896 मध्ये तो शिकागोला वकिली करायला आला. अशिलांची ओळख कामापुरती होती आणि रविवार तर खायला उठत. एका संध्याकाळी एक वकील मित्र त्याला आपल्या उपनगरात फिरायला घेऊन गेला. वाटेतला प्रत्येक दुकानदार त्या मित्राला नावाने हाक मारत होता. हॅरिसला आपले खेडे आठवले. महानगरातल्या महानगरात असे एक खेडे उभे करता येईल का, हा विचार त्याच्या डोक्यात घोळत राहिला. 23 फेब्रुवारी 1905 रोजी डिअरबॉर्न रस्त्यावरच्या युनिटी इमारतीत, 711 क्रमांकाच्या खोलीत चौघे जमले : स्वतः हॅरिस, कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शीले, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर आणि शिंपी हायरम शोरी. खोली लोअरची होती. पुढची बैठक दुसऱ्याच्या कचेरीत, त्यापुढची तिसऱ्याच्या. अशी पाळीपाळीने बैठक फिरू लागली, म्हणून नाव पडले रोटरी. आपल्याकडे भिशी घरोघर फिरते तसाच हा प्रकार.

भिशीशी साम्य तेवढ्यावर थांबत नव्हते. 1906 च्या पहिल्या घटनेत दोनच उद्देश होते : सभासदांच्या धंद्याला चालना आणि आपापसांतला स्नेह. कोणी कोणाला किती काम मिळवून दिले, याची चक्क नोंद ठेवली जाई. त्याच वर्षी डोनाल्ड कार्टर या पेटंट वकिलाला सभासदत्वाचे आमंत्रण गेले. त्याने घटना वाचली आणि नकार दिला. ज्या मंडळाचा उपयोग फक्त मंडळातल्यांनाच आहे ते टिकायचे नाही, असे त्याचे म्हणणे होते. मग त्यालाच सांगण्यात आले की, काय हवे ते तू लिही. शहराच्या हिताचे तिसरे कलम असे आले आणि कार्टर आत आला. रोटरीच्या इतिहासात हॅरिसचे पुतळे पुष्कळ आहेत. कार्टरच्या वाट्याला एवढी एक हकिगत आली आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती पुतळ्यापेक्षा मोलाची आहे.

तिसऱ्या कलमाचे पहिले मोठे फळ म्हणजे सार्वजनिक स्वच्छतागृह. शिकागोच्या भर बाजारात ते असावे म्हणून क्लबाने नगरपालिकेचा पिच्छा पुरवला. विरोध अनपेक्षित बाजूंनी झाला. दारू गाळणाऱ्यांचे म्हणणे, पुरुषांसाठी आमचे गुत्ते आहेतच. मोठ्या दुकानांचे म्हणणे, बायकांसाठी आमची दुकाने आहेत. दोघांनाही आत आलेले गिऱ्हाईक सोडायचे नव्हते. अखेर 1909 मध्ये स्वच्छतागृह उभे राहिले. पुढे क्लब इतर शहरांत पसरले, 1910 मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली, 1912 मध्ये कॅनडातील विनिपेगचा क्लब सामील होऊन कारभार आंतरराष्ट्रीय झाला आणि 1922 मध्ये आजचे नाव रूढ झाले. स्वार्थाआधी सेवा या अर्थाचे घोषवाक्य पहिल्या काही दशकांतच आले. सचोटीच्या व्यवहारासाठी म्हटली जाणारी चतुर्विध कसोटी हर्बर्ट टेलर याने 1932 मध्ये दिवाळखोरीच्या काठावरची ॲल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी सावरताना लिहिली. खरे आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, सद्भाव वाढेल का, सर्वांचे हित होईल का, असे तिचे चार प्रश्न आहेत. 1943 मध्ये रोटरीने ती स्वीकारली. बऱ्याच क्लबांच्या सभागृहात ती भिंतीवर टांगलेली असते.

भारतात पहिला क्लब कलकत्त्यात 1920 च्या सुमारास आणि मुंबईतला 1929 मध्ये सुरू झाला. आरंभीच्या यादीत साहेब, संस्थानिक आणि गिरणीमालक दिसतात. स्वातंत्र्यानंतर हे लोण जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या गावी पोचले आणि डॉक्टर, वकील, औषधविक्रेते, बांधकाम व्यावसायिक, कारखानदार, प्राचार्य यांचे झाले. कलकत्त्याचे नितीश लाहरी 1962-63 मध्ये रोटरीचे पहिले आशियाई जागतिक अध्यक्ष झाले. नंतर चंदीगडचे राजेंद्र साबू (1991-92), वापीचे कल्याण बॅनर्जी (2011-12) आणि कोलकात्याचे शेखर मेहता (2021-22) हे भारतीय त्या पदावर आले. अनेक क्लबांचा मिळून एक ‘डिस्ट्रिक्ट’ होतो. त्याच्या प्रमुखाला मराठी वृत्तपत्रे प्रांतपाल म्हणतात. या प्रांतांना राज्याच्या सीमा ठाऊक नाहीत. कोल्हापूर, गोवा आणि बेळगाव एकाच प्रांतात नांदतात. सीमाप्रश्नाच्या इतिहासात याची नोंद कोणी घेतलेली नाही.

क्लबाचा जीव बैठकीत असतो. मूळ नियमाने ती दर आठवड्याला व्हायची आणि हजेरीबाबत कडक शिस्त होती. परगावी असलात तर तिथल्या क्लबाच्या सभेला जाऊन हजेरी भरून काढायची, याला ‘मेकअप’ म्हणतात. 2016 पासून महिन्यातून किमान दोन बैठकांवर भागते. अध्यक्ष घंटा वाजवून सभा सुरू करतात. पाहुणे रोटेरियन आले असतील तर दोन्ही क्लबांच्या लहान ध्वजांची देवाणघेवाण होते. वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस पुकारले जातात, उत्सवमूर्तीकडून डब्यात पैसे काढले जातात, मग व्याख्यान, आभार, घंटा. यानंतर जे होते त्याला ‘फेलोशिप’ म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ स्नेहभाव. तालुक्याच्या गावी मात्र तो सभेनंतरच्या जेवणाला चिकटला आहे. ‘आज फेलोशिप आहे का?’ याचे सरळ मराठी भाषांतर ‘घरी डबा झाकून ठेवायला सांगू का?’ असे करावे लागेल.

या जेवणाची थट्टा पुष्कळ झाली आहे. सिंक्लेअर लुईसने 1922 च्या ‘बॅबिट’ या कादंबरीत अशा क्लबांतल्या पाठथोपटणीची यथेच्छ टर उडवली. तरीही सेवेची यंत्रणा जेवणाच्या टेबलावरच जुळते, हे नाकारता येत नाही. जुन्या नियमाने एका व्यवसायाचा एकच माणूस घेत. हेतू होता आपसातली चढाओढ टाळण्याचा. त्यातून एक अनपेक्षित फायदा झाला : नेत्रतज्ज्ञ, मंगल कार्यालयाचा मालक, टेम्पोवाला आणि छापखानेवाला एकाच पंगतीला आले. मोतीबिंदूचे शिबिर घ्यायला आणखी काय लागते? तपासणी एकाची, जागा दुसऱ्याची, रुग्णांची ने-आण तिसऱ्याची, पत्रके चौथ्याची. उसने मागताना संकोच नाही, कारण परवाच शेजारी बसून श्रीखंड खाल्लेले असते. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून घातलेले वनराई बंधारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलींची स्वच्छतागृहे, रक्तदान आणि कृत्रिम हात-पाय बसवण्याची शिबिरे ही महाराष्ट्रातल्या क्लबांची नेहमीची कामे. पावसाळा सरला की बंधारा, उन्हाळा लागला की पाणपोई, असे त्याचे पंचांगच असते.

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर ‘रोटरी फाउंडेशन’ चालवते. 1917 मध्ये आर्च क्लम्फ याने ही कल्पना मांडली. पहिली देणगी कॅन्सस सिटीच्या क्लबाची, अवघी 26 डॉलर 50 सेंट. आज तिच्या ‘ग्लोबल ग्रँट’साठी प्रकल्प किमान 30,000 डॉलरचा असावा लागतो आणि त्यात दोन वेगवेगळ्या देशांतल्या क्लबांनी सहभागी व्हावे लागते. त्यामुळे एखाद्या मराठी गावातल्या रुग्णालयाला डायलिसिस यंत्र हवे असेल, तर परदेशात मैत्रीचा हात देणारा क्लब आधी शोधावा लागतो. असा हात रोटरीच्या युवा विनिमय योजनेतूनही मिळतो. तीत 15 ते 19 वयाची मुले वर्षभर दुसऱ्या देशातल्या रोटरी कुटुंबांत राहतात. ज्या घरात अशी परकी पोर वरणभात शिकून गेली, तिथल्या ओळखी नंतर अशा कामी येतात.

रोटरीच्या कामात सर्वांत मोठे म्हणजे पोलिओविरुद्धची मोहीम. 1979 मध्ये फिलिपिन्सपासून सुरुवात झाली. 1985 मध्ये ‘पोलिओप्लस’ जाहीर झाले, तेव्हा 12 कोटी डॉलर जमवायचे ठरले होते. तीन वर्षांत त्याच्या दुपटीहून जास्त जमले. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतरांसह जागतिक मोहीम सुरू झाली. त्या वर्षी जगात अंदाजे साडेतीन लाख मुले पोलिओने पंगू होत होती. भारतात 1995 पासून देशव्यापी पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. शीतपेटीतली लस, दोन थेंब, करंगळीवर शाईची खूण, नंतर घरोघर फेरी आणि दारावर खडूने खूण. लस पाजण्याचे मुख्य काम सरकारी आरोग्यसेविका, अंगणवाडीताई आणि पुढे आशाताईंनी केले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. सेवा क्लबांच्या स्मरणिकांत ते कधीकधी पुसट छापले जाते. रोटेरियनांनी बूथवर माणसे पुरवली, फलक, टोप्या, शिट्ट्या, सेविकांचा चहा-नाश्ता आणि वाहने यांचा भार उचलला, आणि उत्तर प्रदेशात लसीविषयी संशय होता तिथे उलेमांची समिती उभी करून त्यांच्याच तोंडून समजावले. 2009 मध्ये भारतात 741 रुग्ण होते, कोणत्याही देशापेक्षा जास्त. 2010 मध्ये 42. 2011 मध्ये फक्त एक : 13 जानेवारीला पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी. 27 मार्च 2014 रोजी दक्षिण-पूर्व आशियाई प्रदेशासह भारत पोलिओमुक्त ठरला.

स्नेहाचे वर्तुळ कुठवर, हा प्रश्न रोटरीला वारंवार अडचणीत आणत आला. 1933 मध्ये म्युनिकच्या क्लबाने ज्यू सभासदांसह थॉमस मान या नोबेलविजेत्या लेखकाला वगळले. नाझी राजवटीला खूश ठेवूनही उपयोग झाला नाही आणि 1937 मध्ये जर्मनीतले क्लब बंदच पडले. स्त्रियांना तर आठ दशके दार बंद होते. सभासदांच्या पत्नींना ‘ॲन’ आणि मुलांना ‘ॲनेट’ म्हणण्याची प्रथा आपल्याकडेही रुजली. इंग्लंडमधील मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी 1923 च्या नोव्हेंबरात रोटेरियनांच्या पत्नींना जमवले, तेव्हा जागा मिळाली ती एका तुर्की हमामखान्यात. त्यातून 1924 मध्ये ‘इनरव्हील’ ही वेगळी संघटना झाली. मूळ दार उघडले ते कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या छोट्या क्लबाने. सभासद कमी पडत होते, म्हणून त्याने 1977 मध्ये तीन स्त्रियांना घेतले. रोटरीने क्लबाची मान्यता काढून घेतली. दुआर्तेकर ‘माजी रोटरी क्लब’ म्हणवून घेत भेटत राहिले आणि कोर्टात गेले. 4 मे 1987 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 1989 मध्ये नियमच बदलला. पहिल्या स्त्री जागतिक अध्यक्ष जेनिफर जोन्स 2022 मध्ये आल्या.

आपल्याकडचे आक्षेप वेगळे आहेत. वर्गणी आणि जेवणखर्चामुळे क्लब पैसेवाल्यांचा राहतो. निमंत्रणपत्रिकेत ‘डॉ.’च्या आधी ‘रो.’ लावण्याची हौस असते. झाडाच्या रोपामागे पंधरा जण उभे असतात आणि रोपाला पाणी मात्र कोणीच घालत नाही. यातले पुष्कळ खरे आहे. अध्यक्षाची मुदत 1 जुलै ते 30 जून अशी एकच वर्ष असल्याने प्रत्येकाला आपला नवा प्रकल्प हवा असतो, आणि गेल्या वर्षीचा पाण्याचा फिल्टर दुरुस्तीविना पडून राहतो. याच नियमाचा गुण असा की, जुन्या अध्यक्षाला पदाला चिकटता येत नाही. अध्यक्षपदाची कॉलर उतरवून तो दुसऱ्या दिवशी खुर्च्या मांडायला येतो. गावातल्या इतर मंडळांशी तुलना करणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही.

याच कुळीच्या इतर संस्थांपैकी लायन्स (शिकागो, 1917) नेत्रसेवेसाठी प्रसिद्ध आहे. 1925 मध्ये हेलन केलर यांनी ओहायोतील अधिवेशनात केलेल्या आवाहनापासून ते काम तिने अंगावर घेतले. जेसीज तरुणांची. नाना चुडासमा यांनी 1972 मध्ये मुंबईत सुरू केलेली जायंट्स मात्र इथल्या मातीतली. मरीन ड्राइव्हवरच्या त्यांच्या मिश्कील फलकांमुळे चुडासमा संस्थेपेक्षाही जास्त लोकांना माहीत होते.

क्लबाचे सर्वांत कमी गाजणारे काम म्हणजे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. एखाद्या सभासदाच्या दुकानामागच्या खोलीत वॉकर, चाकांची खुर्ची, कमोड खुर्ची, हवेची गादी, वर-खाली होणारी खाट ठेवलेली असते. अनामत भरायची, वहीत सही करायची आणि न्यायची. काम झाले की पुसून परत आणायची. शिबिरासारखे फलक नाहीत, उद्घाटन फार तर एकदाच. खाट परत येते तेव्हा कधी रुग्ण चालू लागलेला असतो, कधी नसतो. अशा वेळी दुकानदार अनामत देतो आणि आत जाऊन चहा सांगतो.