बावीस भट्ट्या आणि डोक्यातली अफू

१९७२च्या दुष्काळानं नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार मोडलं, असं सगळे सांगतात. माझ्या मते दुष्काळानं नुसती सुरुवात केली. उरलेलं काम गूळ-नवसागरानं केलं. विहिरी आटल्या, माणसं मजुरीला बाहेर पडली, मागे राहिलेल्यांतल्या काहींनी हातभट्ट्या लावल्या. एवढ्याशा गावात २२! सरकारी नोकराला इथली बदली म्हणजे शिक्षाच वाटायची.

नगरला रसायनशास्त्र शिकवत होतो तेव्हा पोरं हमखास विचारायची, ‘सर, दारू सुटत का नाही?’ मग मी फळ्यावर १९७०चा एक शोधनिबंध मांडायचो. ह्यूस्टनचे व्हर्जिनिया डेव्हिस आणि मायकेल वॉल्श. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. इकडे मेंदूतलं डोपामिन, म्हणजे एक अमाइन, मोडतानाही एक अल्डिहाइड निघतं. दोघांची विल्हेवाट लावणारं एन्झाइम एकच. ते दारूच्या कामात गुंतलं की डोपामिनचं अल्डिहाइड तुंबतं आणि शेजारच्याच डोपामिनशी जुळतं. तयार होतं टेट्राहायड्रोपापाव्हेरोलिन, अफूच्या बोंडात मॉर्फिन बनतं त्या वाटेवरचं तेव्हा मानलं गेलेलं अल्कलॉइड. उंदरांच्या मेंदूच्या लगद्यात हे घडलेलं त्यांनी दाखवलं. म्हणजे दारुडा डोक्यातच अफू पिकवतो!

वर्ग खूश व्हायचा. मीही व्हायचो, पण पुढचं सांगणं भाग होतं. त्याच वर्षी सीव्हर्स या संशोधकांनी ही कल्पना खोडायला घेतली. अफू सुटल्यावरचे हाल वेगळे, दारू सुटल्यावरचे वेगळे. दारूत झटके येतात, भास होतात. शिवाय लगद्यात बनलं म्हणून जित्या डोक्यात पुरेसं बनतं, असं थोडंच आहे? १९९६मध्ये जपानच्या नाओईंनी माणसाच्या मेंदूतून डोपामिन आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडपासून साल्सोलिनॉल नावाचं तशाच जातीचं अल्कलॉइड घडवणारं एन्झाइम वेगळं काढलं. पण नाओईंचा प्रश्न दारूचा नव्हता, कंपवाताचा होता.

हिवऱ्यात मात्र १९८९ साली सरपंच झालेल्या पोपटराव पवारांनी डोक्यापेक्षा भट्टीकडे पाहिलं. एम.कॉम. झालेला माणूस, धंद्याचा हिशेब त्याला कळणारच. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान यांच्या जोडीला नशाबंदी आली. २२ भट्ट्या बंद झाल्या. नुसत्या धाकानं त्या पुन्हा पेटल्या असत्या, पण दारू गाळणाऱ्या घरांनाही बँकेचं कर्ज मिळवून दिलं गेलं. पुढे पाणी अडलं, चारा वाढला, दुभती जनावरं परवडू लागली.